सोंग, सोबत आणि समाधान

खेळांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतां येतात. कांहीं खेळ संपण्यासाठीं असतात आणि कांहीं चालू राहण्यासाठीं असतात. बुद्धिबळाचा डाव राजावर मात झाली कीं संपतो. कबड्डीचा सामना शेवटची शिटी वाजली कीं संपतो. मुलांची भातुकली मात्र जिंकण्याहरण्यानें संपत नाहीं. कोणी आई होते, कोणी व्याही होतो, कोणी पाहुणा म्हणून येतो, आणि घरांतून हाक येईपर्यंत तो संसार चालू राहतो. या दुसऱ्या वर्गांतील खेळाला संगणकानें गेल्या पन्नास वर्षांत अफाट रूप दिलें आहे. हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच काल्पनिक जगांत एकाच वेळीं वावरतात. प्रत्येकानें एक सोंग घेतलेलें असतें, त्या सोंगाला नांव असतें, धंदा असतो, मित्र आणि वैरी असतात. आणि एक खेळाडू झोंपीं गेला तरी तें जग त्याच्यावांचून चालूच राहतें. इंग्रजींत या प्रकाराला लांबलचक नांव असल्यामुळें खेळणारे केवळ आद्याक्षरें घेऊन त्याला 'एमएमओआरपीजी' म्हणतात. मराठींत त्याला 'अनेकांचा सोंगी खेळ' म्हटलें, तर अर्थ पुरता उतरतो.

२०१६ सालानंतर भारतांत मोबाइलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें आणि तासगांवसारख्या द्राक्षांच्या व बेदाण्याच्या गांवींही हीं जगें घरोघर पोंचलीं. तथापि पोंचलेलें सर्वच पचतें असें नाहीं. तरुण खेळाडू एक खेळ उतरवून घेतो, चार दिवस त्यांत रमतो, आठव्या दिवशीं कंटाळतो आणि दुसऱ्याच्या शोधास लागतो. दुसऱ्याची गति पहिल्यासारखीच होते. चित्रें सुंदर असतात, शस्त्रें चकचकीत असतात, परंतु मन भरत नाहीं. हा शोध पुनःपुन्हां कां फसतो आणि तो शहाणपणानें कसा करावा, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं. त्यांत तरुणाची झोंप आणि घरचा पैसा गुंतलेला असतो, आणि कधीं कधीं त्याची जिवाभावाची मैत्रीही गुंतलेली असते. म्हणून या खेळाची घडण प्रथम नीट पाहिली पाहिजे.

ही कल्पना परकी वाटली तरी तिचा एक जवळचा नमुना तासगांवापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर सांपडतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. भाव्यांच्या नाटकांत पात्रांचीं भाषणें आजच्यासारखीं लिहून दिलेलीं नसत. सूत्रधार पद्यांतून कथा पुढें नेई, आणि देव, राक्षस, ऋषि यांचीं सोंगें घेतलेले नट प्रसंगाला साजेल तें आयत्या वेळीं बोलत. कथेची चौकट ठरलेली. तींतील बोलणें मात्र ज्याचें त्यानें करावयाचें, अशी ती रचना होती. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याची मांडणी पाहिली तर हीच रचना डोळ्यांपुढें उभी राहते. टेबलाभोंवतीं चारपांच मंडळी बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन आपापली करणी बोलून दाखवितात. आणि वार लागला कीं चुकला हें फांसे टाकून ठरतें. सांगलीच्या रंगभूमीचा या अमेरिकन खेळाशीं कांहीं संबंध नाहीं. साम्य आहे तें मनुष्यस्वभावाचें. तयार गोष्ट नुसती ऐकण्यापेक्षां तींत शिरून चार वाक्यें स्वतः बोलावीं, ही हौस दोन्हीकडे सारखीच आहे.

१९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें सूत्रधाराचें काम संगणकाकडे सोंपविलें. त्याच्या खेळाचें नांव 'मड' असें होतें आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्यानें तो पुढें वाढविला. त्यांत चित्र एकही नव्हतें. पडद्यावर केवळ अक्षरें उमटत. खेळाडूनें 'उत्तरेस जा' अशी आज्ञा लिहिली कीं यंत्र पुढच्या जागेचें वर्णन करी. परंतु त्या वाटेवर दुसरा प्रवासी भेटे, आणि तो यंत्रानें रचलेला नसून दुसऱ्या ठिकाणीं बसलेला हाडामांसाचा माणूस असे. एवढ्या एका गोष्टीनें तो खेळ इतर सर्व संगणकी खेळांहून निराळा झाला. पुढें चित्रें आलीं आणि हा व्यवसाय वाढला. १९९६ सालीं 'मेरिडियन ५९', १९९७ सालीं 'अल्टिमा ऑनलाइन', १९९८ सालीं कोरियांत 'लिनिएज', १९९९ सालीं 'एव्हरक्वेस्ट', २००३ सालीं आइसलंडमधील 'ईव्ह ऑनलाइन' आणि २००४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' असा हा क्रम आहे. शेवटच्या खेळाचे वर्गणीदार २०१० सालीं एक कोटी वीस लाखांवर गेले होते. 'रॅग्नारोक ऑनलाइन' हा कोरियन खेळ तर या शतकाच्या पहिल्या दशकांत भारतीय खेळाडूंसाठीं स्वतंत्रपणें चालविण्यांत आला होता. कांहीं वर्षांनीं तो बंद पडला.

इतके खेळ असूनही समाधान सांपडत नाहीं, याचें पहिलें कारण असें कीं खेळाडू खेळाची परीक्षा करतो, स्वतःची करीत नाहीं. या बाबतींत वर उल्लेखिलेल्या बार्टलनें १९९६ सालीं लिहिलेला निबंध आजही मार्गदर्शक आहे. त्यानें खेळाडूंचे चार वर्ग पाडून त्यांना पत्त्यांच्या चार रंगांचीं नांवें दिलीं. पहिला वर्ग चौकटीचा. हे मिळविणारे लोक. अधिक वरची पायरी, अधिक धारदार तरवार, अधिक मोठा खजिना यांत त्यांना गोडी असते. दुसरा वर्ग इस्पिकाचा. इंग्रजींत या रंगाचें नांव आणि खोदण्याच्या फावड्याचें नांव एकच आहे, म्हणून हे खोदून पाहणारे, हिंडणारे, जगाचे कानेकोपरे धुंडाळणारे लोक. तिसरा वर्ग बदामाचा. यांना खेळ हें निमित्त असतें. माणसांशीं बोलावें, हंसावें, कोणाच्या उपयोगीं पडावें, हा त्यांचा खरा हेतु. चौथा वर्ग किलवरचा. इंग्रजींत त्या नांवाचा एक अर्थ सोटा असाही आहे. दुसऱ्याला नमविण्यांत यांना आनंद वाटतो, आणि समोरचा खराखुरा माणूस असल्यामुळें तो आनंद दुणावतो.

कोणताही मनुष्य निव्वळ एकाच रंगाचा नसतो. तरी प्रत्येकाचा एक रंग हुकमाचा असतो. तो ओळखल्यावर निवड पुष्कळ सोपी होते. चौकटीच्या माणसाला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची चढती शिडी मानवते. इस्पिकाच्या माणसाला २०१२ सालीं निघालेला 'गिल्ड वॉर्स २' आवडण्याचा संभव अधिक, कारण त्यांत नुसतें भटकणें हेंही प्रगतीचें साधन मानलेलें आहे. बदामाच्या माणसानें 'फायनल फॅन्टसी १४' पाहावा. तेथें नवख्या खेळाडूच्या नांवाजवळ कोंवळ्या रोपाचें चिन्ह दिसतें, आणि नवख्याला बरोबर घेऊन गुहेंतील मोहीम पार पाडल्यास जुन्यांना जादा बक्षीस मिळतें. त्यामुळें सौजन्य तेथें फायद्याचेंही ठरतें. किलवरच्या माणसाला 'ईव्ह ऑनलाइन' किंवा 'अल्बियन ऑनलाइन' यांत रस वाटेल. तेथील धोक्याच्या मुलुखांत हार झाली तर कमावलेलें जहाज किंवा अंगावरची सामग्री खरोखरच जाते. बदामाचा माणूस चुकून या शेवटच्या जगांत गेला तर पहिल्याच आठवड्यांत नागवला जाईल आणि सर्वच खेळांना नांवें ठेवील. हे चार रंग एकत्र नांदविणें खेळ रचणारांनाही सोपें गेलेलें नाहीं. 'अल्टिमा ऑनलाइन'मध्यें नवख्यांना गांवाबाहेर गांठून मारण्याचा प्रकार इतका वाढला, कीं २००० सालीं त्या जगाच्या दोन प्रती करण्यांत आल्या: एकींत संमतीवांचून कोणाला मारतां येऊं नये आणि दुसरींत जुनी मोकळीक कायम राहावी.

तथापि आपला रंग ओळखून निवडलेला खेळही पुष्कळांना रुचत नाहीं. त्याचें कारण समजण्यास तासगांवचाच दाखला पुरेसा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं येथें गणेशमंदिर बांधविलें. त्याचें दक्षिणी धर्तीचें उंच गोपुर प्रसिद्ध आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं येथें रथ निघतो. तो उंच, अवजड रथ माणसांनीं दोर धरून ओढावयाचा असतो. कितीही बळकट मनुष्य असो, एकट्याच्या ओढण्यानें चाक फिरत नाहीं. आणि तो दोर ज्यानें एकदां धरला त्याला रस्त्याच्या कडेला उभें राहून पाहण्यांत तें समाधान मिळत नाहीं. अनेकांच्या सोंगी खेळाचें मर्म हेंच आहे. त्यांतील मोठ्या स्वाऱ्यांत कामाची वांटणी असते. एकजण ढाल पुढें करून शत्रूचे घाव अंगावर घेतो, एकजण वैद्य होऊन जखमा भरून काढतो, बाकीचे वार करतात. वैद्याचें लक्ष क्षणभर ढळलें तर सर्वांचा घात होतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या काळांत अशा स्वारीला चाळीस माणसें लागत. त्यांना एकत्र आणण्यासाठीं खेळाडूंचीं मंडळें असतात. त्यांना गिल्ड म्हणतात. मंडळांत नियम, वेळापत्रक, रुसवेफुगवे आणि समजुती हें सर्व ओघानेंच येतें. खेळाचा शीण येथेंच आहे, आणि त्याची गोडीही येथेंच आहे.

हा शीण कमी करावा म्हणून डिसेंबर २००९ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्यें एक सोय करण्यांत आली. खेळाडूनें कळ दाबली कीं यंत्र निरनिराळ्या ठिकाणचे पांच अनोळखी खेळाडू जमवी आणि त्यांना थेट मोहिमेवर धाडी. पूर्वीं सोबती मिळविण्यासाठीं तास तास हांका माराव्या लागत. तो वेळ वांचला. परंतु त्याबरोबर बोलणेंही सरलें. पांच माणसें मुकाट्यानें येऊं लागलीं, काम आटोपून मुकाट्यानें जाऊं लागलीं, आणि पुन्हां एकमेकांस भेटण्याचें कारण उरलें नाहीं. जुने खेळाडू मागच्या गैरसोयीची आठवण काढूं लागले. अखेर २०१९ सालीं कंपनीनें त्या खेळाची जुनी आवृत्ति पुन्हां खुली केली आणि तिला मोठी गर्दी लोटली. 'रूनस्केप' या इंग्रजी खेळाच्या चालकांनीं तर २०१३ सालीं खेळाडूंचें मत घेऊन २००७ सालचें त्यांचें जुनें जग परत आणलें. आजही तेथें महत्त्वाची भर घालण्यापूर्वीं खेळाडूंचें मत घेतलें जातें. जुन्या दिवसांचा मोह यांत असेलच. तरीही यांतून एक धडा निघतो. शेजाऱ्याची गरज नाहींशी करणारी सोय शेजारही नाहींसा करते. ज्या खेळांत कोणाचीच कोणाला गरज पडत नाहीं, तेथें हजारों माणसांतही खेळाडू एकटाच असतो. आणि एकट्यानें खेळावयाचें असेल तर त्यासाठीं याहून सुंदर खेळ पुष्कळ आहेत.

शोधाची पहिली कसोटी अशी माणसांची ठरते. दुसरी कसोटी भूगोलाची आहे, आणि तासगांवांतील खेळाडूला ती विशेष विचारांत घ्यावी लागते. ज्या यंत्रावर तें जग चालतें त्याला सर्व्हर म्हणतात. प्रसिद्ध सोंगी खेळांचे सर्व्हर बहुतेक युरोप, अमेरिका, जपान किंवा सिंगापूर येथें आहेत. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर वेगानें जातो. मुंबईहून लंडन सरळ रेषेंत सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. तेव्हां खेळाडूची आज्ञा जाऊन उत्तर परत येण्यास निदान ७२ सहस्रांश सेकंद लागावयाचेच. समुद्रांतील तारा वळणें घेत जातात, म्हणून प्रत्यक्षांत शंभराहून अधिक लागतात. सिंगापूर सुमारें ३,९०० किलोमीटरवर असल्यामुळें तेथील किमान काळ ३९ सहस्रांश सेकंद भरतो. तासगांव ते मुंबई ही तार चारशे किलोमीटर धरली, तरी तिच्यामुळें अवघे चार सहस्रांश वाढतात. म्हणजे लांबच्या सर्व्हरपुढें तासगांवकर व मुंबईकर जवळजवळ सारखेच आहेत. गांवांत रहात असल्यामुळें आपण हरतों, ही समजूत अंतरापुरती तरी खरी नाहीं. फरक पडतो तो मोबाइलच्या दुबळ्या लहरींनीं आणि अवेळीं जाणाऱ्या विजेनें.

हा विलंब मोजण्यापेक्षां खेळाची लय पाहणें अधिक उपयोगाचें आहे. जुन्या रूनस्केपमध्यें जगाचा ठोका दर ०.६ सेकंदाला पडतो; त्या ठोक्याच्या आंत आज्ञा पोंचली कीं काम भागतें. 'ईव्ह ऑनलाइन'चा ठोका एक सेकंदाचा आहे. 'फायनल फॅन्टसी १४'मध्यें मुख्य वार साधारणतः अडीच सेकंदांच्या अंतरानें होतात. अशा संथ लयीच्या खेळांत एकदशांश सेकंदाचा उशीर फारसा बोंचत नाहीं. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच वार चुकवावा लागणारे खेळ मात्र दूरच्या सर्व्हरवर हटकून निराशा करतात.

अंतराहून घड्याळाची अडचण मोठी आहे. मंडळांच्या स्वाऱ्या बहुधा त्या त्या देशांतील रात्रीच्या जेवणानंतर सुरू होतात. जर्मनींत रात्रीचे आठ वाजतात तेव्हां तासगांवांत उन्हाळ्यांत साडेअकरा आणि हिंवाळ्यांत साडेबारा झालेले असतात. तीन तासांची स्वारी आटोपून झोंपावयास पहाटेचे तीन वाजतात. विद्यार्थ्याला हें परवडत नाहीं, आणि द्राक्षबागाइतदाराच्या मुलाला तर मुळींच परवडत नाहीं. ऑक्टोबरांत छाटणी झाल्यावर घडांची काळजी सुरू होते. अवेळीं पाऊस पडला किंवा दंव धरलें तर करपा व दावण्या यांच्या भीतीनें पहाटेंच फवारणीस निघावें लागतें. याच्या उलट, टोकियोंतील रात्रीचे नऊ म्हणजे येथील सायंकाळचे साडेपांच, आणि सिंगापूरांतील नऊ म्हणजे येथील साडेसहा. म्हणून पूर्वेकडील सर्व्हर निवडणारा तासगांवकर दिवेलागणीला खेळून रात्रीं वेळेवर झोंपूं शकतो. खेळाचें परीक्षण वाचतांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. परंतु समाधानाचा अर्धा हिशेब तिच्यांत आहे.

साधनांचा विचार थोडक्यांत करतां येईल. पुष्कळ घरीं स्वतंत्र संगणक नसतो, मोबाइल असतो. जुनें रूनस्केप २०१८ पासून आणि अल्बियन २०२१ पासून मोबाइलवर खेळतां येतें, आणि मोबाइलवरचा खेळाडू व संगणकावरचा खेळाडू एकाच जगांत भेटतात. भाषेची अडचण मात्र खरी आहे. येथें नांव घेतलेल्या खेळांपैकीं एकाचीही मराठी आवृत्ति नाहीं. कथा, सूचना व मंडळांतील बोलणें बहुधा इंग्रजींत चालतें. कोणाला यामुळें इंग्रजीचा सराव होईल, कोणाला परकेपणा वाटेल. ज्याला परकेपणा वाटतो त्यानें शाळाकॉलेजांतील तीनचार ओळखीचे सोबती घेऊन प्रवेश करावा. खेळतांना ध्वनियंत्रावरून मराठींत बोलतां येतेंच. आणि लहान मंडळालाही मोठ्या जगांत पुष्कळ करण्यासारखें असतें.

पैशाच्या बाबतींत तीन पद्धति रूढ आहेत: मासिक वर्गणी, एकदांच विकत घेणें, आणि फुकट प्रवेश देऊन आंत वस्तु विकणें. वरवर पाहतां तिसरी स्वस्त वाटते. पुष्कळदां तीच सर्वांत महाग पडते. वर्गणीचा आंकडा आधीं कळतो. फुकट खेळांत मात्र बंद पेटी विकत घ्यावयाची आणि आंत काय निघेल तें दैवावर सोंपवावयाचें, असा व्यवहार पुष्कळ ठिकाणीं असतो. बेल्जमनें २०१८ सालीं अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखालीं आणलें. भारतांत ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना त्यानें बंदी घातली. प्रवेशाची किंवा वर्गणीची रक्कम घेणाऱ्या, परंतु पैज नसलेल्या करमणुकीच्या खेळांना त्यानें निराळें मानलें. घरच्यांनीं लक्षांत ठेवावयाचा नियम साधा आहे. विकत घेण्यापूर्वीं वस्तु कोणती तें कळत असेल तर तो बाजार. पैसे दिल्यावरच कळत असेल तर ती सोडत. दुसऱ्या प्रकाराला मुलांच्या हातीं पैशाचें साधन देऊं नये. शिवाय 'फायनल फॅन्टसी १४', 'ईव्ह' व जुनें रूनस्केप यांचा मोठा भाग वर्गणीवांचूनही पाहतां येतो. तेव्हां परीक्षेसाठीं प्रथमच खर्च करण्याची आवश्यकता नाहीं.

आणखी एक सत्य आरंभींच स्वीकारावें लागतें. हीं जगें मर्त्य आहेत. तें जग कंपनीच्या मालकीचें असतें, आणि तिनें यंत्र थांबविलें कीं गांव, घर, संपत्ति सर्व एका क्षणांत नाहींसें होतें. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' डिसेंबर २०११ मध्यें आणि 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२ मध्यें असेच मिटले. 'फायनल फॅन्टसी १४' याची कथा अधिक विलक्षण आहे. २०१० सालीं निघालेली पहिली आवृत्ति इतकी फसली, कीं २०१२ च्या नोव्हेंबरांत चालकांनीं कथेंतच प्रलय घडवून तें जग बुडविलें आणि २०१३ सालीं नव्यानें उभारलें. सांठविलेल्या तरवारी अशा प्रलयांत जातात. जोडलेले सोबती मात्र दुसऱ्या जगांतही बरोबर येऊं शकतात. कोणत्या मिळकतीवर आयुष्य खर्च करावें, याचें उत्तर यांत आपोआप मिळतें.

या खेळांच्या आहारीं जाण्याची भीति खोटी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणांत खेळाच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान दिलें असून तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागूं झालें आहे. खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांहून व आवडींहून खेळाला वरचें स्थान देणें आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणें, हीं त्याचीं लक्षणें. आणि साधारणपणें बारा महिने हा प्रकार टिकला असेल तरच विकार मानावा, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे चार रात्रीं जागलेला प्रत्येक मुलगा रोगी नव्हे, आणि वर्षभर अभ्यास, जेवण, माणसें सर्व सोडून बसलेला मुलगा नुसता हौशी नव्हे. घरच्यांनीं या दोहोंतील भेद ओळखला पाहिजे.

हा भेद केवळ तास मोजून कळत नाहीं, याची साक्ष नॉर्वेंतील एका घरानें दिली आहे. मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायु क्षीण होत जाण्याचा असाध्य आनुवंशिक विकार होता. चाकांच्या खुर्चींत बसून तो दिवसाचे कित्येक तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळे. मुलाला मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगीं पडणें यांतलें कांहींच लाभलें नाहीं, असें त्याच्या आईवडिलांना वाटे, आणि त्या दुःखानें तीं झुरत. नोव्हेंबर २०१४ मध्यें पंचविसाव्या वर्षीं तो वारला. तो इंटरनेटवर जें टिपण लिहीत असे, त्यावर वडिलांनीं मृत्यूची वार्ता कळविली, आणि निरनिराळ्या देशांतून पत्रें येऊं लागलीं. त्या जगांत तो 'इबेलिन' या नांवानें वावरे. 'स्टारलाइट' नांवाच्या मंडळांतील माणसांचे संसार, त्यांचीं मुलें, त्यांचे आजार यांची तो वर्षानुवर्षें विचारपूस करीत आला होता. परगांवचे कांहीं सोबती त्याच्या अंत्यविधीलाही आले. २०२४ सालीं त्याच्या जीवनावरील बोलपट सर्वत्र दाखविला गेला. मॅट्सची स्थिति असामान्य होती. तिचा आधार घेऊन धडधाकट विद्यार्थ्यानें अभ्यास टाकावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या आईवडिलांच्या मनांत जो सल राहिला त्यांतून इतर घरांनीं शिकण्यासारखें आहे. मुलगा किती वेळ खेळतो हें त्यांना ठाऊक होतें; तो कोणाबरोबर खेळतो हें त्यांना ठाऊक नव्हतें.

तात्पर्य, समाधान देणारा खेळ शोधणाऱ्यानें क्रम उलटा करावा. प्रथम स्वतःचा रंग ओळखावा. मग आपली संध्याकाळ पाहावी आणि तींत बसेल असा सर्व्हर निवडावा. खर्चाची मर्यादा घरांत बोलून ठरवावी. एका वेळीं एकच खेळ घ्यावा आणि त्याला एक महिना द्यावा. कारण पहिले कांहीं दिवस या खेळांत केवळ चालणें व बोलणें शिकण्यांतच जातात. पहिल्या आठवड्यांतच एखाद्या मंडळाची ओळख करून घ्यावी, त्याची वेळ, भाषा व रीत विचारावी, शिवराळ किंवा जबरदस्तीचें मंडळ बेलाशक सोडावें. परीक्षा असेल, बागेंत काम असेल, तर तसें आधीं सांगावें. ज्या मंडळाला हें कारण पटत नाहीं तें मंडळ आपलें नव्हे. महिना भरल्यावर एक आठवडा खेळ मुद्दाम बंद ठेवावा. परत गेल्यावर कोणी विचारपूस केली, आणि त्या आठवड्यांत झोंप, अभ्यास, कामधंदा यांना सुटका झाल्यासारखें वाटलें नाहीं, तर खेळ लाभला असें समजावें. कोणाच्या लक्षांतही तें आलें नसेल, तर चित्रें कितीही सुंदर असोत, तेथून निघावें. आणि मुलगा पडद्यापुढें बसला असतां घरच्यांनींही जवळ जाऊन एवढें विचारावें, कीं ढाल कोणाची, वैद्य कोण, आणि ते राहतात कोठें.